फियाटच्या नोंदी: १९८३ ची पद्मिनी, मुक्काम कोल्हापूर

१२ ऑक्टोबर २०२४
आज दसरा. घरातल्या बाकीच्या गाड्यांसोबत शेडमधल्या फियाटलाही झेंडूचा हार घातला, आणि तिथंच आबा म्हणाले की नुसता हार घालतोस, चालू कर की लेका. म्हणजे परवानगी मिळाली म्हणायची. गाडी आबांच्या मावसभावाची, प्रीमियर पद्मिनी, १९८३ चं मॉडेल, जुन्या तीन अक्षरी सिरीजचा नंबर, कागद आमच्या नावावर झालेत पण रजिस्ट्रेशन संपून गेलंय. पद्मिनी नाव फक्त कागदावर हां, आमच्याकडं कुणी म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात, कंपनीनं १९७४ मध्ये नाव बदललं तरी लोकांनी काय बदललं नाही.

आधीच ठरवून टाकतो म्हणजे नंतर भरकटायला नको. ही गाडी प्रदर्शनात लावायला करत नाहीये. रोज उद्यमनगरला (इथली कारखान्यांची वसाहत) जाता यावं, महिन्यातून एकदा पन्हाळा किंवा जोतिबा चढावा, रात्री दिव्यात दिसावं आणि ब्रेक लागावा, बास. त्यामुळं जे बदलल्यानं गाडी रोजची होते ते बदलायचं, बाकी मूळचं तसंच. इंजिन मूळचंच राहणार, १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी, इटलीच्या फियाट ११०० चंच. एका मित्रानं मारुतीचं इंजिन टाक म्हणून डोकं खाल्लं. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची परवानगी, कागदपत्रं, आणि एवढं करून हातात काय तर फियाटच्या पत्र्यातली मारुती. नको.

२० ऑक्टोबर
बॅटरी लावली, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडून हातानं इंजिन फिरवलं. जाम नाही! टाकीत जुनं पेट्रोल होतं त्याला वार्निशचा वास, ते सगळं काढलं, टाकी उतरवली. बाहेरून बाटलीनं पेट्रोल दिलं आणि चालू झाली, धूर बिर सगळं झालं, पण तीनच सिलिंडरवर, आणि चौथ्याची वाट बघत उभी राहिल्यासारखी थरथरत होती.

मामा (आमचे मिस्त्री, वय सत्तरच्या पुढं, टॅक्सीच्या काळात मुंबईत फियाटच केल्या सगळ्या) लगेच म्हणाले फुल इंजिन काम करून घे. मी म्हटलं थांबा मामा, आधी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते) बघू. गेज लावलं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारला: १३०, १२५, ९०, १२५. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघितलं तर ९० चे ९५ झाले. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असत्या तर ऑइलनं फट भरून आकडा चांगलाच वर गेला असता, तो गेला नाही म्हणजे गळती वर आहे, व्हॉल्व्हला नाहीतर गॅस्केटला. म्हणजे फक्त हेड (इंजिनचा वरचा भाग, व्हॉल्व्ह त्यातच असतात) उतरवायचं, खालचा भाग सध्या तसाच. मामांनी गेजकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं, उघड मग." ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांना सांगणं एवढंच की फुल काम सांगणाऱ्याला आधी हे चार आकडे विचारा, फार पैसे वाचतात.

९ नोव्हेंबर
दिवाळीच्या गडबडीत काम थांबलेलं. हेड उतरलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळून खाच पडलेली, सीटपण (व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ते कडं) खाल्लेलं. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, त्यामुळं पाण्याकडं दुर्लक्ष झालं की हेडच आधी मार खातं. इथं वॉटर जॅकेटच्या (पाणी फिरायच्या पोकळीच्या) भोकांभोवती पांढरी बुरशी आल्यासारखं खाल्लं होतं, कित्येक वर्षं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी टाकलेलं दिसतंय.

सिलिंडरच्या भिंती हात लावून बघितल्या, वरच्या कडेला नख अडकण्याइतकी पायरी नाही. बोअरिंग नाही करत.

१६ नोव्हेंबर
आज सीट बसवताना उद्यमनगरात उभा राहिलो, मजा आली म्हणून सविस्तर लिहितो. जुन्या सीट कटरनं काढल्या आणि नवीन कडक मटेरियलच्या सीट लेथवर फिरवून घेतल्या, खाच्यापेक्षा किंचित मोठ्या. शिसंवालं पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झालं, ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला वंगणासारखं काम करायचं, म्हणून आता ही कडक सीट हवी, नाहीतर एक्झॉस्टचं सीट हळूहळू आत बसत जातं आणि टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली बारीक फट) संपतो. मग हेड भट्टीत ठेवलं, आणि सीट रात्रभर आइस्क्रीमच्या डीप फ्रीजमध्ये! दुकानदार शेजारचाच, त्याला रोजचं आहे हे. गरम हेड चिमट्यानं बाहेर काढलं, कारागिरानं गार सीट खाच्यावर धरली आणि सोडली, ठोकायला लागलीच नाही, टक् करून आपोआप बसली. दोन-तीन सेकंदाचा खेळ, तेवढ्यात वाकडी बसली तर परत काढायची सोय नाही. आठही सीट त्यानं बोलत बोलत बसवल्या, उसाच्या दराबद्दल.

मग फेस स्किमिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) अगदी नावाला, जेवढं सरळ होण्यापुरतं. व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) चार नवीन. खर्च सगळा धरून साडेआठ हजार. पुण्यात नाना पेठेत विचारलं होतं, तिथं पार्ट मिळतात पण हे काम कोण करणार हा प्रश्नच होता. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा इथल्या इथं बनवला त्या गावातल्या माणसानं चार गाइडसाठी बाहेर का जायचं.

१ डिसेंबर
इंजिन बंद झालं (म्हणजे बांधून झालं). चारही सिलिंडर १२५ ते १३०. हेड बोल्ट मॅन्युअलच्या क्रमानं, मधून बाहेर. इंजिन गरम करून पूर्ण गार झाल्यावर परत एकदा टाइट आणि मग टॅपेट. टॅपेटचा आवाज थोडा ठेवलाय, मामांचं म्हणणं "वाजणारा टॅपेट जळत नाही, गप्प बसलेला जळतो", आणि ते खरंच आहे, गॅप कमी असला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि उष्णता सीटमधून बाहेर जात नाही.

२२ डिसेंबर
आता पत्रा. फियाट ११०० ला चासी वेगळी नसते, सगळी बॉडीच ताकद धरते, त्यामुळं दरवाज्याखालच्या सिल सडल्या म्हणजे नुसतं दिसायला वाईट एवढाच विषय नाही. डाव्या सिलला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आत गेला. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला, लांबीची जाडी बोटभर. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मॅट उचलल्यावर खालची जमीन दाखवतोय.

१२ जानेवारी २०२५
डेंटरकडं महिना जाणार असं दिसतंय. चांगला माणूस आहे पण पहिल्यांदा थेट सिल कापायलाच निघाला. म्हटलं दादा थांबा, आधी दरवाज्याच्या चौकटीत पाइप आडवा वेल्ड करा. सिल कापली की बॉडी मधून खाली बसते आणि मग नवीन सिल वाकड्या मापावर बसते, दरवाजा आयुष्यभर लागत नाही. दोन्ही बाजूला तिरके पाइप टाकले, दरवाज्याच्या फटी चारही बाजूनं मोजून पत्र्यावरच खडूनं लिहिल्या. मग एका वेळी एकच बाजू. तयार सिल कुणाकडं मिळाली नाही, १.२ मिमीचा पत्रा प्रेसवर वाकवून घेतला, आतली पट्टी वेगळी. सीओटू वेल्डिंग, गॅस नाही, गॅसनं पत्रा लांबपर्यंत तापून लाटा येतात.

वेल्डिंग झाल्यावर परत मोजलं तर मागच्या कोपऱ्यात एक मिमीचा फरक, तेवढा बिजागरीत निघाला. सिलच्या आत मेणाचं रस्टप्रूफिंग फवारलं आणि खालची पाणी जायची भोकं उघडी ठेवली. जुन्या कारागिरांनी ही भोकंच बुजवलेली होती, पाणी आत येऊ नये म्हणून. पाणी येतंच हो, त्याला जायला वाट पाहिजे.

९ फेब्रुवारी
रंग. मूळचा फिकट हस्तिदंती. टूके पीयूमध्ये (दोन भाग मिसळून मारायचा रंग) मारला, बूथमध्ये. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, पैसे गेले आणि गाडी छान दिसते.

२३ फेब्रुवारी
वायरिंग. इथं खरी सुधारणा. पद्मिनीचे सात इंची गोल दिवे रात्री मेणबत्तीएवढेच लागायचे, लोक म्हणतात जुनी गाडी आहे चालायचंच. मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १२.६, बल्बच्या पिनवर १०.३. दोन सव्वादोन व्होल्ट कुठं गेले? सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचमधून, तिथून स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या डिपरमधून, परत पुढं, आणि मध्ये चाळीस वर्षांचे काळे पडलेले टर्मिनल. दोन रिले बसवले, बॅटरीवरून जाड वायर फ्यूज करून थेट दिव्यांपर्यंत, आणि जुना स्विच आता फक्त रिले चालू करतो. बल्बवर १२.२ आले. साधे एचफोर बल्बच, एलईडी नाही, त्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकला की समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि आपल्याला रस्ता दिसत नाही ते वेगळंच. एकूण खर्च हजाराच्या आत! अख्ख्या गाडीत पैशाला सगळ्यात जास्त फळ देणारं काम हेच.

९ मार्च
बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून अल्टरनेटर. डायनामो आयडलिंगला काहीच देत नाही, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभं राहिलं की दिवे मंद आणि चार्जिंगचा लाल दिवा चालू. मारुती ८०० चा जुना अल्टरनेटर घेतला, त्याचा रेग्युलेटर आतच असतो म्हणून फियाटच्या कटआउटचं (डायनामोच्या वेगळ्या रेग्युलेटरचं) काम संपलं, पण त्याचा डबा मी जागेवरच ठेवलाय, आतून फक्त जंक्शन केलंय, बॉनेट उघडल्यावर मूळचंच वाटतं. ब्रॅकेट लेथवाल्याकडून दहा मिमीच्या प्लेटचं. पुलीची लाइन जुळवायला क्रँकच्या पुलीवरून दोरा ताणून बघितलं, तीन मिमी बाहेर येत होती, मागं वॉशर फिरवून घेतला. मारुतीची पुली बारीक पट्ट्याची आणि फियाटचा व्ही-बेल्ट रुंद, त्यामुळं डायनामोचीच पुली भोक मोठं करून अल्टरनेटरला चढवली. आयडलिंगला १३.८.

एक ध्यानात ठेवा, अल्टरनेटर लावताना डॅशबोर्डचा लाल दिवा जोडायलाच लागतो, त्यातूनच त्याला सुरुवातीचा करंट मिळतो. तो बल्ब उडाला तर चार्जिंग सुरू होताना नखरे करतं आणि माणूस अल्टरनेटर बदलत बसतो.

सीबी पॉइंट (प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारे जुने संपर्क) मात्र ठेवलेत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलं असतं, वाद नाही, पण आंबोलीच्या घाटात ते मेलं तर मेलं, आणि पॉइंट मेला तर पॉलिश पेपरचा तुकडा आणि फीलर गेज खिशात असला की दहा मिनिटात निघता येतं. कंडेन्सर एक जादा ठेवायचा डिकीत.

३० मार्च
पाडवा. गुढी उभारली, दुपारी श्रीखंड आणि मग ब्रेकचा निर्णय. सगळे म्हणतात पुढं डिस्क टाक. माझं मत वेगळं. चारही चाकांना ड्रम, आणि ड्रम नीट केले तर या वजनाच्या आणि या वेगाच्या गाडीला पुरतात. खरी भीती दुसरीच आहे, माझ्या गाडीत एकच सर्किट, एक मास्टर सिलिंडर आणि त्यातून चारही चाकांना एकच लाइन. एक होज फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला आणि उरला फक्त हँडब्रेक. म्हणून डिस्कचे पैसे टँडम मास्टर सिलिंडरमध्ये घातले, पुढची लाइन वेगळी आणि मागची वेगळी. बोअर मात्र जुन्याच मापाचा शोधला. मोठा घेतला तर पेडल दगडासारखं कडक होतं, लहान घेतला तर पेडल जमिनीपर्यंत जातं.

सगळे बंडी पाइप (ब्रेकचे धातूचे पाइप) नवीन, टोकं डबल फ्लेअर. व्हील सिलिंडर सगळे नवीन. ड्रम लेथवर अगदी हलके साफ करून घेतले. लायनिंग रिव्हेट मारून, आणि रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या आत खोल बसलंय का ते प्रत्येक ठिकाणी बघितलं.

२० एप्रिल
किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि बुश. स्टिअरिंगला खेळ होता त्यातला निम्मा इथलाच निघाला, उरलेला टायरॉड एंडमध्ये. बुश दाबून बसवल्यावर रीमरनं मोकळे केले, पिन हाताच्या जोरानं जायला पाहिजे पण पडायला नको. ग्रीसची भोकं बुशमधल्या भोकांशी जुळलीत का हे आधी बघायचं, नाहीतर पंप मारा कितीही.

गिअरचं लिंकेज: स्टिअरिंगखालचा दांडा इतका ढिला होता की तिसरा की पहिला हे गाडीच निवडायची. बुश बाजारात आहेत पण रबरी, चार महिन्यात जातात. नायलॉनची दांडी घेऊन लेथवर करून घेतले, शंभर रुपयात चार. आता गिअर टकाटक पडतात. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. हे आमच्या धाकट्याला सांगूनही त्यानं टाकलाच, किर्र आवाज आबांनी माडीवर ऐकला.

टायर १६५/८० आर १४ रेडियल. मूळचे ५.२० बाय १४ क्रॉसप्लाय होते. रेडियल थोडे उंच पडतात म्हणून स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जरा कमी दाखवतो, मागच्या गार्डला घासत नाहीत, पुढं स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर बोटभर जागा राहते. सरळ रस्त्यावर गाडी आता हात सोडला तरी पळत नाही कुठं.

११ मे
पेट्रोलचा विषय. आता पंपावर ई-२० मिळतंय, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि ते इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतूनही जातंय, त्यामुळं शिव्या तरी कुणाला द्यायच्या, आबांचाही ऊस कारखान्यालाच जातो. ऑक्टोबरात टाकलेला नवीन रबर पाइप काढून बघितला, आतून मऊ होऊन बोटाला काळं लागतंय. मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम फुगून सुरकुतलाय. जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही हे ऐकून होतो, हातात घेऊन बघितलं आता.

काय केलं: सगळे पाइप इथेनॉलला चालणारे, एसएई जे-३० आर-९ छापलेले. डायफ्राम व्हायटॉनचा (इथेनॉलला टिकणारं रबर). कार्ब्युरेटरच्या फ्लोटची नीडल रबरी टोकाची होती ती काढून पूर्ण धातूची. टाकी आतून साफ होतीच, पण इथेनॉल जुना गाळ सोडवतं आणि तो सगळा जेटमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल जायच्या बारीक भोकात) येतो, म्हणून फिल्टर पंपाच्या आधी एक आणि दर महिन्याला बघायचा.

आणि जेट. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या जेटवर मिक्स्चर बारीक पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. प्लग काढले तर पांढरेफटक. सोलेक्स कार्ब्युरेटरचा मेन जेट एक साइज मोठा टाकला, दहाबारा किलोमीटर चालवून परत बघितलं, आता बिस्किटी रंग. ओढही परत आली.

२६ मे
मेमध्येच पाऊस सुरू! वळीव नाही, चक्क मान्सूनच आल्यात जमा. सिलच्या भोकातून पाणी टपटप बाहेर येताना बघितलं, मेहनत वसूल. वायपर मात्र इतक्या हळू फिरतात की एक फेरी होईपर्यंत काच परत भरते. मोटर उघडायची आहे.

६ जुलै
रेडिएटर. जून महिन्यात ट्रॅफिकमध्ये काटा वर जात होता. रेडिएटरवाल्यानं खालची टाकी उघडली तर निम्म्या नळ्या बंद. दोन पट्टीचा कोअर काढून तीन पट्टीचा टाकला, वरची-खालची पितळी टाकी मूळचीच. मूळचा पंखा ठेवलाय, शिवाय समोर मारुतीचा इलेक्ट्रिक पंखा थर्मोस्विचवर, फक्त सिग्नलला उभं राहिल्यावर लागतो. अल्टरनेटर आधी केला ते यासाठीच, डायनामोला हा पंखा झेपलाच नसता. पाणी बंद, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

२२ जुलै
पासिंग! फॉर्म २५, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. पीयूसीला जरा धाकधूक होती जेट मोठा केल्यामुळं, पण या वयाच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला सीओ ३ टक्क्यांपर्यंत चालतो आणि आपला २.१ आला, कारण आयडलिंगचं मिक्स्चर स्क्रूवर वेगळं सेट होतं, मेन जेट तिथं कामालाच येत नाही. इन्स्पेक्टर साहेबांनी चासी नंबर बघितला, ब्रेक बघितले, दिवे लावून बघितले आणि मग विचारलं, "विकणार का?" नाही म्हटलं. पाच वर्षांसाठी रिन्यू झाली. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचीही ऑर्डर टाकलीय, मुदत परत वाढवलीय म्हणून रांग थोडी कमी.

२३ ऑगस्ट
बातमी आली, वीस वर्षांपेक्षा जुन्या कारची रिन्यूअल फी पाच हजारांची दहा हजार केली केंद्रानं. आपलं जुलैत झालं. ज्यांची अजून राहिलीय त्यांचं वाईट वाटतं, जुन्या गाड्यांमागं लागलेत सगळे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या फियाट टॅक्सीही वीस वर्षांच्या नियमानंच २०२३ मध्ये रस्त्यावरनं गेल्या. मामा त्या दिवशी दिवसभर कुणाशी बोलले नव्हते म्हणे. एक मात्र आहे, त्या टॅक्सी भंगारात गेल्या म्हणून कुर्ल्याला अजून गिअरबॉक्स, डिफरन्शियल, दरवाजे सुटे मिळतात. कुर्ल्यातच बनल्या आणि कुर्ल्यातच तुटल्या. मी एक जादा गिअरबॉक्स मागवून ठेवलाय, बसने आला, कंडक्टरनं माणसाचं तिकीट मागितलं त्याला.

१४ सप्टेंबर
वाघबीळ, पन्हाळ्याच्या वाटेवरचा घाट. आबा पुढं, मामा मागं, धाकटा मामांच्या शेजारी. पंचगंगेच्या पुलापासून रमत गमत, वाघबीळचा चढ तिसऱ्यात सुरू करून वरच्या वळणाला दुसरा. काटा निम्म्याच्या जरा वर गेला आणि तिथंच थांबला. पूर्वी फियाटवाले घाटात थांबून इंजिनच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे, पेट्रोलची पाइपमध्येच वाफ व्हायची म्हणून. मामांनी सवयीनं फडकं आणि पाण्याची बाटली आणलीच होती. लागली नाही. मी पाइप एक्झॉस्टपासून लांब फिरवलाय आणि मध्ये पत्र्याची आड लावलीय, तरी खरी परीक्षा एप्रिलच्या दुपारी आहे, सप्टेंबरच्या गार हवेत शहाणपणा सांगण्यात अर्थ नाही.

उतरताना इंजिनवर, दुसऱ्यात. ब्रेक सरळ लागतात, ओढत नाहीत कुठल्या बाजूला. पन्हाळ्यावर झुणका भाकरी खाल्ली, तिथं पार्किंगमध्ये एका काकांनी येऊन बॉनेट उघडायला लावलं आणि कटआउटच्या डब्याकडं बोट दाखवून म्हणाले, "डायनामो अजून ठेवलायसा होय!" आम्ही काही बोललो नाही.

टाकी टू टाकी मायलेज साडेतेरा, घाट धरून. राहिलेलं काम: वायपर मोटर, डाव्या मागच्या काचेचं हँडल, मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टच्या सेंटर बेअरिंगचं रबर (साठच्या वेगाला हलकी थरथर आहे, ती चाकाची नाही, बॅलन्सिंग झालंय), आणि दरवाज्याचे रबर बीडिंग. बीडिंगचा जुना तुकडा एका रबरवाल्याकडं नमुना म्हणून दिलाय, तो म्हणतो डाय करायला लागेल, किमान शंभर मीटर घ्यावं लागेल. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडं कुणाकडं पद्मिनी असेल आणि बीडिंग पाहिजे असेल तर आत्ताच सांगा, एका गाडीला एवढं लागत नाही.